राजापूरची गंगा आली की नाही? निघण्यापूर्वी एवढे वाचा

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना लांजा मागे पडले की काही वेळाने अर्जुना नदीवरचा उंच पूल लागतो. गाडी अर्ध्या मिनिटात पलीकडे जाते. खाली नदीकाठी उतरणीवर वसलेले कौलारू गाव पाहायला फारसे कुणी थांबत नाही. ते राजापूर. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीचे हे मोठे बंदर होते. इंग्रजांनी आणि फ्रेंचांनी येथे वखारी घातल्या. अरबस्तानाकडची गलबते थेट या बाजूला येत.

आता राजापूरचे नाव बातम्यांत येते ते बहुतेक दोन निमित्तांनी. एक, गंगा प्रकट झाली की. दोन, पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरले की. दोन्ही बातम्या पाण्याच्याच आहेत आणि राजापूरला जाणाऱ्याची फसगतही बहुधा पाण्यामुळेच होते. कुणी जुना फोटो पाहून गंगास्नानाला निघतो आणि कोरडी कुंडे पाहून परततो. कुणी जुलैत धबधब्यासाठी येतो आणि बाजारपेठेत लावलेली गाडी पाण्यात सापडते. त्यामुळे अंतरे आणि हॉटेले पाहण्याआधी येथील पाण्याचे वेळापत्रक समजून घेणे सोयीचे.

समुद्रापासून इतके आत बंदर कसे?

राजापूर समुद्रकाठी नाही. अर्जुना नदी जैतापूरच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि तेथून शहर साधारण २५ किमी आत आहे. पूर्वी भरतीचे पाणी शहरापर्यंत चढे, त्यावर स्वार होऊन गलबते आत येत. आतले बंदर वादळापासून आणि समुद्री लुटारूंपासून सुरक्षित होते. शिवाय येथून सह्याद्री जवळ. अणस्कुरा घाटाने माल वर चढला की कोल्हापूर, पन्हाळा आणि पुढे विजापूरचा मुलूख. घाटमाथ्यावरचा माल खाली आणि समुद्रावरचा माल वर, अशी ही देवघेव होती. सांगलीच्या बाजारात हळदीला आजही ‘राजापुरी’ म्हणतात, त्याचे मूळ याच बंदरात असल्याचे सांगितले जाते.

इंग्रजांची वखार येथे १६४९ च्या सुमारास सुरू झाली. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. व्यापाऱ्याने युद्धात हात घातला, त्याची किंमत पुढच्या वर्षी वखारीने मोजली. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर चाल केली, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. त्या लुटीच्या नुकसानभरपाईचा विषय इंग्रजांनी इतका लावून धरला की १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वाटाघाटींतही तो होता.

नंतर नदी गाळाने भरत गेली, जहाजे मोठी झाली आणि बंदर मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी जहाजे जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हती, अशी नोंद ब्रिटिश गॅझेटियरमध्ये आहे. त्याच नोंदीत राजापूर हे कोकणातले सर्वात जुन्या वळणाचे आणि उत्तम टिकलेले शहर ठरवले आहे. अरुंद चढउताराच्या गल्ल्या आणि फरसबंदी बाजार तेव्हाच्या अधिकाऱ्यांना वेगळा वाटला होता. त्या गल्ल्यांची चढण आजही पायांना जाणवते. वखारीचे मात्र अवशेष उरले आहेत. तेथे मोठे संग्रहालय असेल अशा अपेक्षेने जाऊ नये, आणि शोधताना मोबाइलच्या नकाशापेक्षा बाजारातल्या एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारावे.

गंगा म्हणजे नेमके काय?

शहरापासून सुमारे ३ किमीवर उन्हाळे गावाच्या हद्दीत, थोड्या चढावर, गंगातीर्थ आहे. दगडात बांधलेली १४ कुंडे, त्यात काशीकुंड मुख्य. वडाच्या झाडाजवळ मूळ गंगेचे स्थान. एरवी कोरड्या असलेल्या या कुंडांत एके दिवशी अचानक पाणी येते, काही आठवडे ते काही महिने वाहते आणि आले तसेच निघून जाते. ‘गंगा आली’ आणि ‘गंगा गेली’ हे येथील रोजच्या बोलण्यातले शब्द. कवी मोरोपंतांनीही या तीर्थावर काव्य रचले आहे.

परंपरेने सांगितले जाते ते असे, की गंगा साधारण तीन वर्षांनी येते आणि तीन महिने राहते. अलीकडच्या वर्षांत तिने हा नेम बराच मोडला आहे. कधी ती वर्षाच्या आत परतली, कधी मुक्काम लांबवला. त्यामुळे ‘मागच्या वेळी अमुक महिन्यात आली होती, म्हणजे यंदा तमुक महिन्यात येईल’ हा हिशेब करून रेल्वेचे आरक्षण काढणे धोक्याचे.

पाणी असे येते-जाते कसे? भूशास्त्राच्या अंगाने दिले जाणारे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण वक्रनलिकेचे आहे. पिंपातले पाणी नळी वाकवून खाली काढतात, तसेच निसर्गात घडते असे मानले जाते. कोकणचा सडा जांभा दगडाचा. तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी आत मुरते आणि खालच्या कठीण कातळापाशी अडते. जमिनीखालच्या एखाद्या पोकळीत ते हळूहळू साठत राहते. पोकळीतून बाहेर येणारी वाट जर आधी वर चढून मग खाली उतरणारी असेल, तर पातळी त्या वळणाच्या वर जाईपर्यंत बाहेर थेंबही येत नाही. एकदा ती वर गेली की प्रवाह सुरू होतो आणि पोकळी रिकामी होऊन वाटेत हवा शिरेपर्यंत थांबत नाही. मग पुन्हा साठवण. पाऊस किती पडला, मुरला किती, यावर मधला काळ ठरणार. तो दर वेळी सारखा का नसतो, हेही यातून समजू शकते. भाविकांसाठी अर्थातच ही भागीरथीची भेट आहे आणि दोन्ही मते कुंडाच्या काठावर शेजारी शेजारी उभी राहतात. त्यावरून तेथे कुणी भांडत नाही.

गंगा आल्याची खात्री कशी करावी?

मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नये. भरलेल्या कुंडांचे जुने फोटो आणि चित्रफिती तारीख काढून पुन्हा पुन्हा पाठवल्या जातात. गंगा खरोखर आली तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांच्या रत्नागिरी आवृत्त्यांत ठळक बातमी असते, ती पाहावी. राजापुरात ज्या लॉजमध्ये किंवा खाणावळीत उतरायचे, तेथे फोन करून ‘गंगा आहे का आणि पाणी किती आहे’ असे विचारावे. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. प्रवाह क्षीण झाला की काही कुंडांत पाय बुडतील एवढेच पाणी असते. वृद्ध आई-वडिलांना चारशे किमी प्रवास करून न्यायचे असेल तर त्याच दिवशी पुन्हा एकदा फोन करणे बरे.

आगमनानंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी आणि एकादशी, अमावास्येला गर्दी सर्वाधिक. शक्य असल्यास मधल्या वारी, सकाळी लवकर जावे. कुंडे लहान आहेत, काठ ओले आणि गुळगुळीत असतात. ज्येष्ठांसोबत एक धडधाकट माणूस हवाच. कपडे बदलण्याची सोय गर्दीत अपुरी पडते, म्हणून महिलांनी अंगावर घ्यायला मोठी चादर सोबत ठेवावी. कुंडात साबण, शाम्पू लावू नये आणि निर्माल्य टाकू नये. पाणी पुढच्या भाविकालाही वापरायचे असते.

पूर्वापार क्रम असा: आधी उन्हाळ्याच्या गरम झऱ्यावर स्नान, मग गंगास्नान, मग धूतपापेश्वराचे दर्शन. गंगा नसली तरी पहिला आणि तिसरा टप्पा कुठे जात नाही. खरे तर गर्दी नसताना हे दोन्ही अधिक निवांत पाहता येतात.

गरम पाण्याचा झरा बारमाही आहे का?

हो. उन्हाळे हे नावच त्यावरून पडले आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून दापोलीचे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ, राजवाडी आणि दक्षिणेला राजापूर अशी गरम झऱ्यांची एक रांगच सह्याद्रीला समांतर गेलेली आहे. येथे ज्वालामुखी नाही. जमिनीतल्या खोल भेगांतून खाली उतरलेले पाणी तापून पुन्हा वर येते, एवढेच. झरा नदीच्या काठाजवळ असल्याने अर्जुनेला पूर असताना तिकडे जाऊ नये. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी गरम पाण्यात फार वेळ बसू नये. भरल्या पोटी तर नकोच.

धूतपापेश्वरला कधी जावे?

हे नाव अनेकांनी औषधाच्या बाटलीवर वाचलेले असते. देव येथला. शहरापासून ३ किमीच्या आसपास धोपेश्वर गावात, मृडानी नदीकाठी, दाट झाडीत हे शिवमंदिर आहे. कोकणी धाटणीचे उतरते छप्पर, लाकडी खांबांचा सभामंडप आणि शेजारी नदीचा धबधबा. महाशिवरात्रीला यात्रा भरते, श्रावणी सोमवारी रांग असते. राज्य सरकारने अलीकडच्या वर्षांत मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आहे. त्यामुळे एखादा भाग झाकलेला दिसला तर नवल नाही.

पावसाळ्यात धबधबा देखणा असतो आणि अपघातही त्याच काळात होतात. कातळावर शेवाळ साचलेले असते. डोंगरात पाऊस झाला की मंदिरापाशी ऊन असतानाही पाणी वाढू शकते. पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला की फोटो राहू द्यावा आणि वर यावे.

पावसाळ्यात राजापूरला जावे का?

जावे, पण शहराचा स्वभाव ओळखून. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोकणातल्या नद्या लांबीने लहान आणि उताराने तीव्र. सह्याद्रीवर पडलेले पाणी काही तासांत खाली पोहोचते. राजापुरात अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या एकमेकींना भेटतात आणि बाजारपेठ नेमकी त्या भेटीच्या काठावर आहे. त्यात गाळाने पात्र उथळ झालेले. खाडीला मोठी भरती असेल तर खाली जाणारे पाणी अडते आणि फुगवटा मागे येतो. मग जवाहर चौकात पाणी. गाळ उपसण्याची मागणी व्यापारी वर्षानुवर्षे करत आले आहेत. अधूनमधून उपसाही होतो, पण दर पावसाळ्यात माल माळ्यावर चढवण्याची दुकानदारांची सवय काही सुटलेली नाही.

पाहुण्याने यातून घ्यायचे ते असे. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर गाडी खालच्या बाजारपेठेत लावू नये. एसटी स्थानक महामार्गालगत वरच्या बाजूला आहे, त्या अंगाला गाडी ठेवून पायी खाली उतरावे. दुकानदार सामान हलवू लागले की कुणाच्या सांगण्याची वाट पाहू नये, ते लोक नदीकडे पाहूनच पाणी ओळखतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या दिवशी सलग पाऊस असेल तर शहरात जाण्याचा बेत एक दिवस पुढे ढकलावा. पुराचे पाणी बहुधा काही तासांत ओसरते. रस्त्यावर पाणी असताना पलीकडे गाडी घालणे, पुढची गाडी गेली म्हणून आपणही जाणे, हे कोणत्याही परिस्थितीत नको. अडचणीत ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

कोल्हापूरहून अणस्कुरा घाटाने येणाऱ्यांना तर दुहेरी काळजी. अतिवृष्टीत या घाटात दरड कोसळते. निघण्याआधी वाहतूक सुरू असल्याची चौकशी करावी. घाट बंद असेल तर आंबा घाटाने महामार्गावर यावे, अंतर वाढते पण अडकून पडणे टळते.

उलट एप्रिल-मे महिन्यांत हेच शहर टंचाईला तोंड देते. सर्वाधिक पावसाच्या जिल्ह्यात उन्हाळी टंचाई ऐकून बाहेरच्यांना आश्चर्य वाटते, पण ज्या जांभ्यात पाणी मुरते त्यातूनच ते झिरपून जाते. कोदवलीवरचे ब्रिटिशकालीन ‘सायबाचे धरण’ शहराच्या पाण्याची जुनी भिस्त. मे महिन्यात लॉजवर पाणी जपून वापरा असे सांगितले तर त्यात आदरातिथ्याची कमतरता शोधू नये.

पोहोचायचे कसे?

रत्नागिरीहून महामार्गाने साधारण ६५ किमी, मुंबईहून ३८० किमीच्या आसपास, कोल्हापूरहून सुमारे १२०. एसटीने येणे सर्वात सोपे, राजापूर आगाराच्या आणि येथून पुढे जाणाऱ्या गाड्या आहेत. रेल्वेने येणाऱ्यांची मात्र एक ठरलेली चूक होते. तिकिटावर ‘राजापूर रोड’ वाचून स्थानक शहरात असेल असे वाटते. ते घाटाच्या बाजूला, शहरापासून बऱ्याच अंतरावर आहे. नावातला ‘रोड’ हा शब्द कोकण रेल्वेवर नेहमी गंभीरपणे घ्यावा. सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. रात्री उतरायचे असेल तर आधीच रिक्षा किंवा गाडी ठरवावी. काहींना रत्नागिरीला उतरून एसटीने येणे अधिक सोयीचे पडते.

एक दिवस हाती असेल तर?

सकाळी गरम झरा आणि गंगातीर्थ, उन्हे चढण्याआधी धूतपापेश्वर, दुपारी जेवण आणि ऊन कलल्यावर पायी बाजारपेठ व नदीचा धक्का. एवढे एका दिवसात निवांत होते. जेवणासाठी घरगुती खाणावळीत सकाळीच फोन करून ताटे सांगावीत. ऐन वेळी गेल्यास मिळेलच असे नाही. कुळथाचे पिठले, घावणे, सोलकढी, मोसमात फणसाची भाजी, मांसाहारी असाल तर खाडीचे मासे. बाजारातून कोकम, आमसुले, कुळीथ पीठ घ्यावे. राजापुरी पंचा मिळाला तर तोही. खेडोपाडी मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.

दुसरा दिवस काढता आला तर कातळशिल्पे पाहा

राजापूर तालुक्याचा खरा ठेवा शहराबाहेरच्या सड्यांवर आहे. जांभ्याच्या उघड्या पठारावर कोरलेली माणसे, प्राणी, पक्षी, मासे आणि अर्थ न लागलेल्या आकृत्या. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या यादीतल्या नऊ ठिकाणांपैकी पाच याच तालुक्यात आहेत: कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. देवाचे गोठणे येथे आडव्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. बारसूत दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी असलेला माणूस कोरलेला आहे. काळाबाबत अभ्यासकांत एकमत नाही, मध्याश्मयुगापर्यंत मागे नेणारे अंदाज आहेत. बारसूचा सडा प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या जागेत येतो. एप्रिल २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणाला ग्रामस्थांनी केलेला विरोध राज्यभर गाजला, तेव्हा ही शिल्पेही चर्चेत आली.

शिल्पे पाहण्याची वेळ सकाळची पहिली किंवा संध्याकाळची शेवटची. तिरप्या उन्हात कोरीव रेषेची सावली पडते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी समोर नुसता तांबडा-काळा कातळ दिसतो आणि पाय भाजतात. पावसाळ्यात सड्यावर गवत-फुले असतात, रेषांत पाणी साचते. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वोत्तम. आकृतीवर पाय देऊ नये, चप्पल काढली तरी नाही. फोटो स्पष्ट यावा म्हणून रेषांत खडू किंवा रांगोळी भरू नये. हजारो वर्षे पावसाने जेवढी झीज केली नाही, तेवढी काही सुट्ट्यांच्या मोसमात बुटांनी होऊ शकते. बऱ्याच जागा खासगी मालकीच्या आहेत, म्हणून गावात विचारून, शक्य झाल्यास स्थानिक वाटाड्या घेऊन जावे.

कशेळीलाच कनकादित्याचे सूर्यमंदिर आहे. कोकणात सूर्याची मंदिरे विरळा, आणि येथे रथसप्तमीला उत्सव होतो. जवळच आडिवऱ्याची महाकाली. तेथून दक्षिणेला नाटे येथे खाडीवर नजर ठेवणारा यशवंतगड आणि पलीकडे जैतापूर, जेथून कधीकाळी गलबते राजापूरकडे वळत. ही सगळी ठिकाणे शहरापासून साधारण तासाभराच्या अंतरात येतात. रत्नागिरीला परतायचे असेल तर महामार्गाला न जाता कशेळीहून पूर्णगड, पावसमार्गे सागरी रस्ता धरावा. वळणे जास्त आहेत, वेग कमी ठेवावा लागतो, आणि खाड्यांच्या पुलांवर सूर्यास्त गाठायचा असेल तर कशेळीहून साडेचारच्या आत निघायला हवे.